‘मुलगा माझ्यावरच गेला आहे’

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; तक्रार मात्र माझ्या खोलीत वारंवार ऐकू येणारी आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाशी त्यांचा सहा आठवडे अबोला होता. “मॅडम, तो हुबेहूब माझ्यावर गेला आहे. तोच हट्ट, तोच राग, तेच घुमेपण. रक्तातच उतरलं असेल, तर आता काय बदलणार?” असे म्हणताना ते फीच्या पावतीची घडीवर घडी घालत होते.

दोन दिवसांनी मुलगा एकटा आला. त्याच्याही हातात थोड्या वेळाने पावतीची तशीच चिमुकली घडी दिसली. “बाबांना मी समोर नको असतो,” एवढेच तो पहिल्या अर्ध्या तासात बोलला. तो इंग्रजी साहित्य शिकत होता आणि त्याच्या पिशवीत मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी होती. तिच्याविषयी विचारताच तो मोकळेपणाने बोलू लागला. निर्माता आणि त्याची निर्मिती यांच्यातील साम्यांवर त्याने महाविद्यालयासाठी टिपण लिहिले होते. ते पुढच्या भेटीत वडिलांसमोर वाचशील का, असे मी त्याला विचारले. कारण स्वतःविषयी जे बोलवत नाही, ते गोष्टीतल्या पात्रांविषयी पुष्कळदा बोलता येते.

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव, असा वडिलांचा समज होता. १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ते राक्षसासारखा जीव घडवणाऱ्या, जिनिव्हाच्या व्हिक्टर या तरुणाचे आडनाव आहे. “बाबा, त्याने घडवलेल्याला नावच ठेवलेलं नाही,” मुलगा म्हणाला.

टिपण चांगले होते. दोघेही मुळात कोवळ्या मनाचे आणि ज्ञानासाठी आसुसलेले. व्हिक्टर जुन्या किमयागारांच्या ग्रंथांनी झपाटतो, तर त्याची निर्मिती रानात सापडलेल्या, इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात स्वतःला शोधते. स्वर्गातून पतन पावलेल्या देवदूताशी दोघेही स्वतःची तुलना करतात. दोघेही एकटे पडतात, सूडाची शपथ घेतात आणि उत्तरेच्या बर्फापर्यंत जातात. तिथे पुढे पळणारी निर्मिती मागून येणाऱ्या व्हिक्टरसाठी वाटेत अन्नही ठेवते.

वडिलांनी त्याला थांबवले ते वेगळ्याच जागी. नोव्हेंबरच्या त्या रात्री नुकताच जिवंत झालेला जीव व्हिक्टरच्या पलंगाचा पडदा बाजूला सारतो, काहीतरी पुटपुटतो, एक हात पुढे करतो. आणि व्हिक्टर धावत खाली अंगणात निघून जातो. “पुन्हा वाच,” वडील म्हणाले. मुलाने पुन्हा वाचले. बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, “मीही उठून गॅलरीत जातो.”

‘माझेच दोष मुलात उतरले’ या भीतीने येणाऱ्या पालकांना मी हेच दाखवू पाहते. स्वभावाचा काही भाग उपजत असतो, हे खरे आहे. पण राग आल्यानंतर काय करायचे, हे मूल बरेचसे घरात पाहून शिकते. या घरात राग आला की उठून जायचे, हे दोघांनाही पाठ झाले होते. व्हिक्टरच्या घराचा नाश साम्यामुळे झाला असे मला वाटत नाही. समोर आलेल्या हाताकडे पाठ फिरवल्यामुळे तो झाला. ज्या निर्मितीच्या हातून पुढे व्हिक्टरच्या घरच्यांचे, निरपराधांचे खून होतात, तिचा आरंभ दयाळूपणातच होता.

कादंबरीत आल्प्समधल्या हिमनदीवर दोघांची गाठ पडते. निर्मिती विनवते, माझे म्हणणे ऐक. निर्मात्याचेही काही कर्तव्य असते, हे तेव्हा व्हिक्टरला पहिल्यांदा जाणवते आणि झोपडीत शेकोटीपाशी बसून तो सारी कहाणी ऐकतो. पुढे त्याने निर्मितीला जोडीदार घडवून देण्याचा दिलेला शब्द मोडला, तरी मला तो प्रसंग पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणून मी वडिलांना गॅलरीत जायला मनाई केली नाही. रोज रात्री जेवणानंतर तिथे दोन खुर्च्या ठेवायच्या आणि पंधरा मिनिटे मुलाला मधे न तोडता ऐकायचे, एवढेच सांगितले. पहिले चार दिवस मुलगा गप्प बसून राहिला. वडीलही बसून राहिले. पाचव्या रात्री त्याने विचारले, “बाबा, राग आला की तुमच्याही छातीत असंच धडधडतं का?”