आई सत्तरीची आहे, मराठवाड्यातली. तिचं आयुष्य लिहायचंय, पण ती बोलतच नाही. काय करू?

'तुझं आयुष्य सांग' म्हटलं की बहुतेक आया "माझ्यात काय आहे सांगण्यासारखं" म्हणून विषय संपवतात. त्यापेक्षा नेमकं विचारा. १९७२चा दुष्काळ तिने पाहिलाय. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण जायचं? मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरायची का? कामावर वाटली जाणारी सुकडी (तयार पौष्टिक खाऊ) कोणाच्या वाट्याला यायची? भाजी निवडताना विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. वडिलांसमोर नको, उत्तरं तेच देतात! लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नाव आवर्जून लिहा. ते फार तर शाळेच्या दाखल्यावर उरतं, तोही असला तर. आणि कृपा करून तिची बोली 'शुद्ध' करू नका. ती बोलते तसंच उतरवा.