दंड नको, पाय बघा

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. लेकीला शिवाजीनगरच्या वॉलवर (चढाईच्या कृत्रिम भिंतीवर) क्लाइंबिंगला सोडायला जायचे, आता मी पण सुरू केलंय. चार वेळा गेले, पण अर्ध्यात पोचले की हात असे भरून येतात की बोटं धड मिटत नाहीत. मला एक पुल-अप पण येत नाही. आधी सहा महिने जिम करू का? आणि ग्रुपमधले पाऊस संपला की खंडाळ्याजवळच्या ड्यूक्स नोज सुळक्यावर चला म्हणतायत, जाऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, जिमसाठी अजिबात थांबू नका. पुल-अप न येणाऱ्या कितीतरी बायका छान चढतात आणि दंड कमावलेली पोरं दहा मिनिटांत हात झटकत खाली बसलेली मी कायम बघते, कारण ती स्वतःला हातांनी वर ओढत असतात. माळ्यावरचा डबा काढायला शिडीवर चढता तेव्हा वजन पायच उचलतात ना, हात नुसता तोल सांभाळतो. वॉलवर भीतीपोटी आपण हेच विसरतो, होल्ड, म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या, गच्च आवळतो, कोपर वाकवून भिंतीला चिकटतो आणि मग मनगटापासून कोपरापर्यंत सगळं दगड होतं.

पुढच्या वेळी एकच करा. सगळ्यात सोप्या रूटवर जा आणि पाय होल्डवर नीट टेकेपर्यंत नजर पायावरून हलवायची नाही. बहुतेक जण पाय उचलतात आणि टेकायच्या आधीच वर बघायला लागतात, मग बूट भिंतीवर खर्र खर्र घासत जागा शोधत बसतो, तो आवाज आला की समजायचं नजर लवकर उचलली. अख्खा तळवा नाही ठेवायचा, अंगठ्याकडचं टोक ठेवायचं, म्हणजे पाय जागच्या जागी वळतो आणि कंबर भिंतीजवळ नेता येते. लटकताना हात सरळ. आणि श्वास सोडत राहा, तो रोखलेला आपल्याला कळत पण नाही.

आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये एखाद दिवस सुट्टी. स्नायू पटकन तयार होतात पण बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, खूप सावकाश, त्यामुळे पहिलं वर्ष बोटांवर लटकायच्या फळीच्या नादी लागू नका प्लीज. शूज सुरुवातीला भाड्याने चालतील, फिट हवेत पण रडू येईल इतके नकोत.

ड्यूक्स नोजला आत्ता नको. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्ट, बऱ्याच ठिकाणी सुटा, धरलेला दगड हातात येतो किंवा वरच्याचा पाय लागून खाली येतो, त्यात पावसानंतर सावलीतल्या भागात शेवाळं. कड्यांवर आग्या मोहोळ असतात, अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नडतं. आधी वॉलवर बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं, शिका, हार्नेसला दोर बांधायची आठाची गाठ डोळे मिटून आली पाहिजे, आणि दर वेळी चढायच्या आधी जोडीदाराने तुमची गाठ, हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बक्कल, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक हात लावून बघायचं, तुम्ही त्याचं बघायचं. पुण्यात गिर्यारोहण संस्था भरपूर आहेत, त्यांच्या बेसिक कोर्समधून कातळावर जा, हेल्मेट घालूनच. नुसत्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर रोप कोण लावणार आणि तो ते कुठे शिकलाय हे विचारा. विचारायला लाजू नका, उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ नाही म्हणा.

आणि हो, पुढच्या वेळी जाताना नखं कापून जा.