‘पाणी कोण भरायचं?’ हे आधी विचार

पुणे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची प्रश्नावली मिळाली. १९४० ते १९६० या काळात पुण्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलींचे आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावे, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. त्या बायका आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा फार वेळ लावू नकोस. प्रश्नावली मात्र बाजूला ठेव.

‘तुमच्यावर अन्याय झाला असे वाटते का?’ हा तुझा चौथा प्रश्न वाचून मला माझीच चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका आजींना मी नेमके हेच विचारले होते. ‘छे ग, आमचं सगळं छान होतं,’ असे म्हणून त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि तासाभरात माझ्या वहीचे अर्धे पानही भरले नाही. निघताना चौकातल्या कोरड्या नळाकडे पाहून मी सहज विचारले, की वाड्यात पाणी कोण भरायचे. आजी पुन्हा पाटावर बसल्या. पहाटे नळावर रांग लागे, घागरी-कळशा भरायचे काम त्यांच्याकडे आणि थोरला भाऊ त्या वेळी अभ्यासाला बसलेला; शाळेत रोज उशीर होई म्हणून बाई त्यांना वर्गाबाहेर उभे करीत, आणि सातवीची फायनल झाल्यावर वडिलांनी ‘हिला शाळेची गोडी नाही, रोज उशीर करते’ असे म्हणून नाव काढून घेतले. ‘उशीर पाण्यामुळे होतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही बघ. माझ्यासुद्धा,’ असे त्या म्हणाल्या, तेही कसलीच तक्रार नसल्यासारखे.

म्हणून मत विचारू नकोस, दिवस विचार. बंब कोण पेटवायचे, पंगतीत मुली कितव्यांदा बसायच्या, दूध कुणाच्या पेल्यात जास्त पडायचे, बाजूला बसायच्या चार दिवसांत शाळा बुडायची का, परकर-पोलके सुटून साडी कधी आली आणि नऊवारी सोडून पाचवारी नेसायला घरात कुणाची परवानगी लागली. सायकल शिकलेली कुणी भेटली, तर ती कुणी आणि कुठल्या रस्त्यावर शिकवली हे जरूर विचार; त्या एका उत्तरात घर आणि गल्ली दोन्ही समजतात.

साल विचारलेस तर ते बहुधा चुकीचे येईल. पुण्यात त्याला सोपा उपाय आहे. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ असे विचारले की पानशेत धरण फुटून पूर आला त्या १२ जुलै १९६१ च्या अलीकडचे आणि पलीकडचे लगेच वेगळे होते. हिशेब आण्यांत सांगितला की नव्या पैशांत, यावरून १ एप्रिल १९५७ चा अंदाज बांधता येतो, अर्थात नवे पैसे आल्यावरही कित्येक वर्षे लोक आण्यांतच बोलत, हे ध्यानात ठेवून. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मुख्याध्यापकांनी सोयीसाठी घातलेली असण्याचा संभव मोठा. शक्य असेल तिथे पत्रिका पाहा. लग्नाच्या वयाच्या बाबतीत हे फार नडते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवले आणि १९४९ मध्ये ते पंधरा झाले, पण कायदा एकीकडे आणि घरातली घाई दुसरीकडे, असे अनेक ठिकाणी आढळेल. तिथे आजींशी वाद घालू नकोस; त्या जे सांगतील ते लिही आणि कागद काय म्हणतो ते शेजारी लिही.

आणखी एक. पहिल्याच पानावर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही पूर्ण नावे घे. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले, की आडनावासकट पहिले नावही बदलायचे. शाळेच्या रजिस्टरातली मुलगी आणि रेशनकार्डावरची बाई एकच आहे हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. नाव बदलल्यावर हाक मारली तेव्हा वळून पाहायला किती दिवस लागले, हेही विचार. मी विचारायला फार उशिरा शिकले.

तुझ्या यादीतली बहुतेक घरे सदाशिव-नारायण पेठेतली आहेत. हे साहजिक आहे, कारण १८८४ ची हुजूरपागा, अण्णासाहेब कर्व्यांची हिंगण्याची संस्था, रमाबाई रानड्यांचे १९०९ चे सेवासदन अशा ठिकाणी शिकलेल्या मुलींचे कागद राहिले, आठवणी छापल्या गेल्या. जिचे नाव कुठल्याच रजिस्टरात चढले नाही, तिच्यासाठी भवानी पेठेत जा. आईशेजारी बसून विडीला दोरा बांधणारी सात-आठ वर्षांची मुलगी आज कुणाची तरी पणजी असेल. मजुरी हजार विड्यांवर मिळे. मग तिच्या हातून दिवसाला किती बांधून व्हायच्या, खराब म्हणून किती बाजूला निघायच्या आणि त्या कमी पडलेल्या पैशांचा राग घरात कुणावर निघायचा, हे विचार. तिथे ‘खेळायचात काय?’ हा प्रश्न जपून विचार. सागरगोट्यांचे उत्तर येईलही. पण एकदा मला त्यावर फक्त हसू ऐकायला मिळाले आहे.

पहिली मुलाखत स्वतःच्या आजीची घेऊ नकोस. नातीला सांगायच्या गोष्टी तिने कधीच ठरवून ठेवलेल्या असतात.

उतरवताना कुणाचेही बोलणे शुद्ध करू नकोस आणि बोलणे जिथे थांबले तिथे किती वेळ थांबले तेही नोंदव. दोन मुलाखती झाल्या की गुरुवारी दुपारी चारनंतर वही आणि रेकॉर्डिंग दोन्ही घेऊन घरी ये. आपण ते थांबलेले भाग आधी ऐकू.

कळावे,
तुझी बाई