जग पाहायचं, तर कोणती शहरं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पोरं कमावती झाली. आता आम्हा नवरा-बायकोला परदेश पाहून या म्हणतात. मोबाइलवर ‘जगातली सर्वोत्तम शहरं’ म्हणून रोज नवी यादी येते आणि कोणतीच दुसरीशी जुळत नाही. तुम्ही स्वतः क्रम लावाल तर कसा लावाल?
— एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आमचा क्रम असा : रोम, क्योटो, लंडन, काठमांडूचं खोरं, सिंगापूर, बँकॉक. उंच इमारती आणि खरेदी यांना आम्ही गुण दिलेले नाहीत. सकाळी मुक्कामाच्या जागेवरून निघालेला माणूस स्वतःची गाडी नसताना, पायी किंवा बस-मेट्रोनं, संध्याकाळपर्यंत मोलाचं किती पाहू शकतो, एवढंच मोजलं.

या कसोटीवर रोमला तोड नाही. कोलोझियम, फोरम, पँथिऑन, त्रेवीचं कारंजं आणि नदीपलीकडचं व्हॅटिकन हे सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे. एकच वास्तू नीट पाहायची असेल तर पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ पाहा. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा तो घुमट 43 मीटर रुंद आहे आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही. तरी तो उभा का? खालच्या थरातल्या काँक्रीटमध्ये जड दगड घातला आहे आणि वर जावं तसतसा हलका, अगदी माथ्याशी सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरला आहे. भिंतही वर जाताना पातळ होत जाते. माथ्याला मोठं गोल भोक आहे, त्यातून पाऊस सरळ आत पडतो. फरशीला बारीक उतार आणि छिद्रं आहेत, तिथून पाणी निघून जातं. आत गेल्यावर लोक वरच पाहत राहतात. तुम्ही खाली फरशीतली ती छिद्रंही शोधा.

रोममध्ये गडबड होते ती तिकिटांची. कोलोझियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर साधारण 30 दिवस आधी खुलं होतं. त्यावर नाव असतं आणि ते पासपोर्टशी जुळावं लागतं. दारावर जाऊन घेऊ म्हणणारे दलालाच्या तावडीत सापडतात. व्हॅटिकनचं संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण गर्दी इतकी की तो टाळलेलाच बरा. सेंट पीटर चर्चला तिकीट नाही, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा आत सोडत नाहीत. रस्ते उंचसखल दगडी चौकटींचे आहेत, त्यामुळे चप्पल नको, जाड तळव्याचे बूट घाला. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि ते पाणी पिण्याचंच असतं. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, तिला तोंड लावायचं.

क्योटो 794 पासून 1868 पर्यंत जपानची राजधानी होतं. फुशिमी इनारी या देवस्थानाच्या हजारो लाल कमानी रात्रंदिवस खुल्या असतात, तिकीट नाही. पण सकाळी नऊनंतर गेलात तर कमानी कमी आणि माणसं जास्त दिसतील. सहाला पोचा. कियोमिझू देऊळही सहाला उघडतं. म्हणून एक पहाट इकडे आणि दुसरी तिकडे ठेवा. शहर बसमध्ये भाडं उतरताना पेटीत टाकायचं असतं आणि पेटी सुटे परत देत नाही, म्हणून नाणी जवळ ठेवा. रस्त्यावर कचरापेटी जवळपास नसतेच, खिशात एक पिशवी असू द्या.

लंडन महाग आहे, तरी तिसरं, कारण तिथली मोठी संग्रहालयं फुकट आहेत : ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम. ब्रिटिश म्युझियममध्ये ‘अमरावती’ची संगमरवरी वाटणारी शिल्पं दिसतील. ती आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची आहेत आणि चुनखडीची आहेत. आपल्या भागातल्या वाचकांसाठी त्याहून जवळची जागा म्हणजे 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र शासनानं ते 2015 मध्ये विकत घेतलं. चॉक फार्म हे भुयारी स्टेशन तिथून जवळ आहे. जाण्याआधी उघडण्याचे दिवस आणि वेळ पाहून घ्या. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात. भुयारी गाडीत चढताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवा, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

काठमांडूच्या खोऱ्यात एकाऐवजी तीन जुनी राजनगरं आहेत : काठमांडू, पाटण, भक्तपूर. 2015 च्या भूकंपात पडलेल्या देवळांची पुनर्बांधणी कारागिरांनी लाकडावर हातानं कोरून केली, ती भक्तपूर आणि पाटणच्या चौकांत पाहता येते. पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा असा रस्ता आहे. त्याच वाटेवर थोडं आत लुंबिनी आहे. बुद्धांच्या जन्मस्थानी अशोकाचा स्तंभ उभा आहे. एक मुक्काम तिथं कराच. पावसाळ्यात मात्र मुगलिनच्या घाटात दरडी पडतात आणि बस तासन्‌तास अडकते.

सिंगापूर नीटनेटकं आणि सोपं आहे, म्हाताऱ्या माणसांना सर्वांत कमी त्रासाचं. बँकॉकला राजवाडा, वाट पो या देवळातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आणि नदीतली सार्वजनिक होडी यांसाठी जा. राजवाड्याच्या दाराशी कोणी गोड बोलून “आज बंद आहे, दुसरीकडे नेतो” म्हणाला तर ऐकू नका, ती रत्नांच्या दुकानात नेण्याची जुनी युक्ती आहे.

हा झाला पाहण्याच्या मोलाचा क्रम. जायचा क्रम उलटा धरा. आधी नेपाळ किंवा बँकॉक, मग सिंगापूर, आणि युरोप-जपान नंतर. आधीच्या प्रवासातून वेळेवर परत आल्याची नोंद असली की पुढचा व्हिसा सोपा जातो.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत नाही, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. एजंट म्हणतो, रिटर्नशिवाय इटलीचा व्हिसा मिळतच नाही. खरं काय?
— ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : मिळतो, पण कागद जास्त लावावे लागतात. व्हिसा देणाऱ्याला दोनच गोष्टी पटवायच्या असतात : खर्चाचे पैसे तुमचे आहेत, आणि तुम्ही परत येणार आहात. दुसऱ्या गोष्टीत कास्तकाराची बाजू भक्कम असते, कारण जमीन इथंच आहे. म्हणून सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या विक्रीपट्ट्या लावा. हे सगळं मराठीत असतं, त्याचा इंग्रजी तर्जुमा नोटरी करून जोडा. तर्जुमा नसेल तर तो कागद असून नसल्यासारखा.

अर्ज जास्त करून फसतो तो बँक खात्यावर. कापसाचे चुकारे किंवा बागेचा सौदा एकदम येतो, खातं वर्षभर रिकामं असतं आणि अर्जाच्या आधी अचानक पाच-सहा लाख दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं की उसने आणून भरले. ती रक्कम ज्या तारखेला जमा झाली त्याच तारखेची विक्रीपट्टी स्टेटमेंटसोबत जोडा आणि स्टेटमेंटवर त्या ओळीला खूण करा. रोख घेतलेला सौदा इथं दाखवता येत नाही, म्हणून ज्या वर्षी जायचं त्या वर्षी व्यापाऱ्याकडून पैसे खात्यावरच घ्या. पासबुकाची झेरॉक्स चालत नाही. सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यासह घ्या. तुमच्या शाखेत ते मागून मिळायला दोन खेपा होतील असं धरून चाला.

पोरगा खर्च करणार असेल तर त्याचं हमीपत्र, त्याचं स्टेटमेंट, त्याचं रिटर्न आणि नातं दाखवणारा दाखला जोडा.

युरोपच्या शेंगेन व्हिसाचे, म्हणजे तिथल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे नियम : जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 15 दिवस उरले की उशीर झाला. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा हवा. मोठ्या माणसाची फी 90 युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. एप्रिल-मेच्या प्रवासासाठी भेटीच्या तारखा लवकर संपतात, त्यामुळे जानेवारीतच तारीख धरा. व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचं पूर्ण पैसे भरलेलं तिकीट काढू नका, आरक्षणाचा कागद पुरतो.

आणि एक : परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की कंपनी त्यावर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ घेतलेला कर, कापते. कर लागत नसेल तर ती रक्कम परत मिळते, पण त्यासाठी रिटर्न भरावंच लागतं. एकदा भरलं की पुढच्या व्हिसालाही तोच कागद कामी येतो.

प्रश्न : आमच्याकडे उसंत कधी मिळते त्यावर सगळं अवलंबून. कोणत्या महिन्यात कुठं जावं?
— ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : कापूस-तुरीच्या घरात मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत मोकळीक असते. ती क्योटो आणि रोमसाठी उत्तम. क्योटोत साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतो. तेव्हा हॉटेलं दुपटीनं महाग होतात, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दर उतरतात. रोम एप्रिलमध्ये सुखद, लंडन मेमध्ये. नेपाळात एप्रिलला हवा धुरकट असते, चौक-देवळं दिसतील, बर्फाची शिखरं दिसतीलच असं नाही. बँकॉक एप्रिलला टाळा. तिथला सर्वांत उष्ण महिना तोच, आणि आपल्या उन्हापेक्षा तिथल्या दमट हवेत जीव जास्त घाबरा होतो.

भंडारा-गोंदियाकडचे धानवाले मळणी आटोपून जानेवारी-फेब्रुवारीत मोकळे असतात, त्यांच्यासाठी बँकॉकचा तोच हंगाम आहे. संत्रावाल्यांनी आंबिया बहाराची फळं उतरवून झाल्यावर, बाग ताणावर असताना डिसेंबरात निघावं. पाणी द्यायची काळजी नसते आणि रोममध्ये रांगा आखूड असतात. फक्त तिथं पाचच्या आत अंधार पडतो, म्हणून दिवस सकाळी लवकर सुरू करा.

प्रश्न : आई शाकाहारी, वय 63, पाचवी शिकलेली. पासपोर्टला दहावी लागते म्हणतात. शिवाय आधारवर तिचं नुसतं नाव आहे, आडनाव नाही. काय करावं?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : दहावीची अट पासपोर्टला नाही. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) हा शेरा येतो. तो काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि 50 वर्षांवरच्या माणसांना तो लागूच नाही.

आडनावाचं मात्र आधी सुधारा. आधार, मतदार ओळखपत्र आणि बँक खातं तिन्हींवर एकच नाव आणा, मगच पासपोर्टचा अर्ज करा. सेतू केंद्रावर भरून घेताना समोर बसा. पूर्ण नाव ‘गिव्हन नेम’च्या चौकटीत टाकून ‘सरनेम’ रिकामं सोडणं ही नेहमीची चूक आहे. त्यानं व्हिसा-तिकिटाच्या वेळी अडचण येऊ शकते, आणि पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नंतर दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज आणि 1,500 रुपये फी पुन्हा. नेपाळला पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. 15 ते 65 वयाच्या माणसांना केवळ आधारवर विमानात चढू देत नाहीत.

जेवणाचं रोममध्ये सोपं आहे : टोमॅटो-तुळशीचा पिझ्झा, लसूण-मिरचीचा पास्ता. क्योटोत अवघड, कारण साध्या भाजीच्या आमटीतही सुक्या माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला ते मांसाहार वाटत नाही. ‘मांस नको, मासा नको, माशाचा अर्क नको’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड छापून न्या, किंवा देवळांतलं शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण घ्या. बँकॉकमध्ये पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत ‘जे’ची थाई खूण दिसली की तिथं मांस, मासे, अंडी नसतात. सिंगापूरला सेरंगून रोडवर पोळी-भाजी, इडली सगळं मिळतं.

सोबत कोरडी चटणी, भाजलेल्या ज्वारीचं पीठ, बिनतुपाचे लाडू न्या. युरोप आणि लंडनला खवा, तूप, पेढे चालत नाहीत. संत्री नेऊ नका, बऱ्याच देशांत ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. अमिरातीत उतरणार असाल तर मसाल्यात खसखस नको.

प्रश्न : यादीत दुबई का नाही? आणि खर्रा नेता येतो का?
— ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : दुबईत पाहण्याच्या जागा एकमेकींपासून लांब आहेत आणि बरंच काही वेगवेगळ्या तिकिटांमागे आहे. पायी फिरण्यासारखा भाग म्हणजे खाडीकाठचा जुना बाजार, तो अर्ध्या दिवसात होतो. विमान बदलताना एक दिवस थांबा, तेवढं पुरेसं आहे.

खर्रा घरी ठेवून जा. सिंगापुरात चघळण्याचा तंबाखू आणणंच काय, जवळ बाळगणंही गुन्हा आहे, मोठा दंड होतो. सवय असेल तर निघायच्या महिनाभर आधीच डॉक्टरांशी बोलून निकोटिनच्या गोळीचं ठरवा. पण त्यातही सिंगापूरला च्युइंगमच्या रूपातली गोळी बरोबर नेऊ नका, तिथं च्युइंगमच्या आयातीवर बंदी आहे.