इंग्रजीतल्या ‘लाईन’ला इतके अर्थ कसे?

तुम्ही विचारलंय की ‘लाईन’ म्हणजे रेघ, रांग, कवितेची ओळ, रेल्वेमार्ग आणि धंदासुद्धा, तर एवढं सगळं लक्षात ठेवायचं कसं? मी नागपुरात बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझं म्हणणं एकच, पाठ करू नका, दोरा धरा.

दोरा अगदी खराखुरा. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात. आपल्या विदर्भात जवस म्हटलं की चटणी आठवते. युरोपात याच झाडाच्या खोडातून धागा काढत. त्या धाग्याची दोरी ती लिनिया, आणि तिच्यातूनच पुढे लाईन. लिनन कापड आणि लिनसीड तेलही त्याच घरचं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कंपाउंडची भिंत बांधायला घेतली. गवंड्याने दोन टोकांना खिळे ठोकले, लाईनदोरी ताणली, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि दोरीला धरून विटा लावत गेला. शिकवणीची पोरं तिथेच उभी होती. त्यांना म्हटलं, बघा, दोरा ताणला की रेघ झाली. त्या रेघेत माणसं उभी राहिली की रांग, अक्षरं बसली की ओळ, रूळ टाकले की रेल्वेलाईन. आमच्या नागपुरातल्या पोलीस लाईन टाकळी या वस्तीच्या नावातली लाईन म्हणजे ओळीने बांधलेली घरं. दोरा तसाच ठेवला तर माशाच्या गळाची दोरी, कपडे वाळवायची दोरी, टेलिफोनची तार. बाप, आजा, पणजा असा मागे जाणारा वंशही लाईनच. आणि माणूस ज्या वाटेने पोटापाण्याला लागला ती त्याची लाईन. सोयरीक जुळवताना ‘मुलगा कोणत्या लाईनीत आहे?’ असं विचारतातच की.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. सूत्र म्हणजे मुळात दोराच. मंगळसूत्रातही तोच, गणिताच्या सूत्रातही तोच.

एक मात्र सांभाळा. ‘काकू, तुमच्याकडे लाईन आहे का?’ हे वीज गेल्यावर शेजारी विचारायला ठीक, पण इंग्रजी पेपरात ‘लाईन गेली’ याचं शब्दशः भाषांतर करू नका. तिथे पॉवर लिहा. दरवर्षी याच्यात दोन-तीन पोरांचे मार्क जातात आणि मला फार वाईट वाटतं.

राहिला कोटाला ‘लाईन’ करणे हा अर्थ, म्हणजे अस्तर लावणे. इथे रेघ शोधत बसू नका. कपड्याला आतून लिननचं कापड लावायचे, त्यावरून हे क्रियापद आलं. झाड मात्र तेच, जवसाचं.