तेजोमेघाचा रंग फोटोत कसा उतरतो? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो गच्चीवरून काढला. साधा डीएसएलआर, २५० मिमी लेन्स, ३० सेकंद, आयएसओ १६००. ताऱ्यांच्या रेघा आल्या, आभाळ नारिंगी झाले आणि मेघ म्हणजे नुसता पांढुरका डाग. गुलाबी रंगासाठी दुर्बीण घ्यावी का?
— वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुर्बीण आत्ता नको. रेघा पृथ्वीच्या फिरण्यामुळे येतात, दुर्बीण त्या आणखी लांबवेल. मृगाच्या भागात आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. त्यामुळे स्थिर ट्रायपॉडवर २०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचे. येईल तेवढेच सेकंद शटर उघडे ठेवायचे. तुमच्या लेन्सला ०.८ सेकंद. इंटरनेटवर सापडणारा ५०० चा नियम (२०० ऐवजी ५०० ला भागायचे) इथे फार सैल पडतो.

०.८ सेकंदाच्या एका फोटोत काही दिसणार नाही, म्हणून असे ५०० फोटो घेऊन एकावर एक रचायचे. फोटो चौपट केले की गोंगाट, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, निम्मा होतो. डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल हे मोफत प्रोग्राम ही रचाई करतात. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), आयएसओ १६००, छिद्र पूर्ण उघडे. लेन्समधले कंपनरोधक बंद. रिमोट नसेल तर इंटरव्हल टायमर वापरा, बोटाने बटण दाबू नका. मेघ चौकटीतून सरकत जातो, म्हणून दर चार मिनिटांनी तो पुन्हा मध्यावर आणा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. व्याधाचा तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेल तिथे फोकस थांबवा आणि रिंगला चिकटपट्टी लावा.

शेवटी झाकण लावून त्याच आयएसओ-शटरवर ३० डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचे दोष वजा करण्यासाठीचे काळे फोटो. त्या तिथेच, त्याच थंडीत घ्या. घरी आल्यावर घेतल्या तर सेन्सरचे तापमान बदललेले असते आणि गरम पिक्सेल नीट वजा होत नाहीत.

आता रंग. मेघाच्या गाभ्यातल्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजन उजळतो आणि ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. नेमका हाच लाल तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सरपुढचा फिल्टर बराचसा अडवतो. तरीही हा मेघ इतका तेजस्वी आहे की फिल्टर न काढता गुलाबी छटा मिळते, पण आभाळ काळे हवे. खरा खर्च पेट्रोलचा करा. राधानगरीच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड ईशान्येला, पाठीमागे राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. पन्हाळ्यावरून तोच उजेड आग्नेयेला येतो, म्हणजे मृग उगवतो त्याच अंगाला. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास मेघ दक्षिणेला सुमारे ६८ अंशांवर असतो. त्या आसपासची अमावास्या गाठा.

प्रश्न : ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) घेतला, तरी १३५ मिमीवर एका मिनिटात तारे अंडाकृती येतात. मेघाचा मधला भागही पांढरा फटक होतो.
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी सलग दहा फोटो तपासा. सगळ्यांत तारे एकाच दिशेला ताणलेले असतील तर ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नीट लागलेला नाही. एखाद-दुसराच फोटो बिघडत असेल तर वारा, ढिला बॉलहेड किंवा समतोल.

परदेशी व्हिडिओंत ट्रॅकर ४०-५० अंशांवर उभा दिसतो. गडहिंग्लजला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सव्वासोळा अंशांवर असतो, उत्तरेला झाड किंवा टेकडी आली की संपलेच. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवा, पुढे झुकलेला भार त्यावर येतो. समतोलाच्या वजनाचा दांडा पायाला अडत नाही ना, हे उजेड असतानाच फिरवून पाहा. जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, ध्रुव शर्मिष्ठेवरून शोधा. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. ट्रॅकरच्या ध्रुवदर्शक दुर्बिणीतल्या वर्तुळावर तो कुठे ठेवायचा ते मोबाइल अ‍ॅप सांगते. ट्रॅकर ताऱ्यांऐवजी चंद्राच्या गतीवर राहिलेला नाही ना, हेही बघा. ही चूक बऱ्याचदा होते.

गाभा वेगळा टिपावा लागतो. ६० सेकंदांचे ६० फोटो, आणि त्याच मांडणीत ५ सेकंदांचे ३०. दोन्ही संच स्वतंत्र रचून मधला भाग दुसऱ्यातून घ्या.

प्रश्न : शहरातल्या उजेडावर फिल्टर चालतो का?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : जुने फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने त्यांचा फारसा उपयोग होत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढ्याच पट्ट्या सोडणारा दुपट्टी फिल्टर चालतो, पण एक्स्पोजर कितीतरी लांबवावे लागते, म्हणजे ट्रॅकर आलाच. कॅमेऱ्यातला मूळ फिल्टर बदललेला नसेल तर पैसे पुरते वसूल होत नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्यात काय टिपता येईल?
— वाचक, कागल

उत्तर : धनु राशीतला लगून मेघ. लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश चढतो, आपल्याकडे ४९ अंशांवर येतो. पण तो मध्यरात्री सर्वांत उंच येतो जूनअखेर, आणि तेव्हा पावसाने आभाळ झाकलेले. मेमध्ये वळिवाचा भरवसा नाही. म्हणून एप्रिलची अमावास्या, पहाटे दोन ते पाच.

पाऊस लागला की लेन्स कापडी बॅगेत ठेवू नका, काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून कोरडे करा.