खर्ज हरवतो कुठे?

प्रश्न : मी बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे 100 वॅटचा कॉम्बो अॅम्प (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. घरी एकटा वाजवतो तेव्हा कपाटावरची भांडी वाजायला लागतात. पण आमच्या हौशी बँडमध्ये ड्रम आणि दोन गिटार सुरू झाले, की माझा बेस गायब! 500 वॅटचं हेड (स्पीकर नसलेला सुटा अॅम्प) घ्यावं का?

इतक्यात घेऊ नका. आधी घरी अॅम्पचे नॉब कसे ठेवलेत ते बघा. बेसचा, म्हणजे खालच्या सुरांचा, पार उजवीकडे आणि मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, डावीकडे, असंच असणार. पहिली दोन वर्षं मीही तसंच वाजवायचे. एकट्यानं ऐकताना तो आवाज भरदार लागतो, सोडवत नाही. बँडमध्ये मात्र त्या खालच्या पट्टीत पायानं वाजवायचा मोठा किक ड्रम आधीच ठाण मांडून बसलेला असतो. तुमचा खर्ज त्यात मिसळून जातो आणि खोलीत नुसती घुमघुम उरते.

आपल्या सगळ्यात जाड तारेचा, म्हणजे ई तारेचा, मोकळा सूर साधारण 41 हर्ट्झचा असतो. लहान स्पीकरमधून तेवढा खालचा आवाज जेमतेमच बाहेर पडतो. तरीही आपल्याला ई ऐकू येतो, कारण त्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही वाजत असतात : 82, 124, 165 आणि पुढे. ते कानावर पडले की मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो. मिडचा नॉब खाली ओढला, की नेमकी याच सुरांची वरची फळी आपण कापून टाकतो. गर्दीत बेस ओळखू येतो तो तिच्याच जोरावर.

पुढच्या तालमीला सगळे नॉब मधोमध ठेवा. मग बेस थोडा कमी करा आणि मिड थोडा वाढवा. मिडची पट्टी निवडायची सोय असेल तर 400 ते 800 हर्ट्झच्या दरम्यान फिरवून बघा. एकट्यानं ऐकलात तर आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल आणि नॉब परत फिरवायचा मोह होईल. तो आवरा. ड्रम सुरू होऊ द्या, मग ठरवा.

कॉम्बो जमिनीवर, अगदी पायाशी ठेवत असाल तर तो भक्कम टेबलावर ठेवा, निदान मागे कलता तरी ठेवा. वरचे, स्पष्ट सूर स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात. पायाशी ठेवलेल्या कॉम्बोचे ते सूर तुमच्या गुडघ्यांपर्यंतच पोचतात. खालचे सूर मात्र चहूकडे पसरतात. 41 हर्ट्झची एक लाट आठ मीटरहून लांब असते. खोलीच्या कोपऱ्यात अॅम्प ठेवला की ही घुमघुम आणखी फुगते, म्हणून कोपरा टाळा.

आता वॅटचं. वॅट दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात. 100 चे 500 केले तर 7. आवाज दुप्पट मोठा झाला असं कानाला वाटायला सुमारे 10 लागतात. म्हणजे पाचपट वॅट घेऊनही आवाज दुप्पट वाटणार नाही, आणि तेही स्पीकरनं ती ताकद सोसली तर! माझं मत विचाराल तर पैसे आधी स्पीकरवर घाला. हवा ढकलतो तो स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा. कोन वाढले की खर्ज आपोआप उभा राहतो. 1969 साली आलेलं अॅम्पेग कंपनीचं एसव्हीटी हेड 300 वॅटचं होतं, आणि ते वाजवायला प्रत्येकी आठ दहा-इंची स्पीकर असलेली दोन कॅबिनेटं, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, जोडायची असत. एकूण सोळा कोन! तुमच्या कॉम्बोला मागे जादा कॅबिनेटचा जॅक असेल तर तो रस्ता आधी तपासा. त्यासाठी पुढचं उत्तरही वाचा.

प्रश्न : माझ्या ट्रान्झिस्टर हेडवर मागे ‘किमान 4 ओहम’ लिहिलंय. माझं कॅबिनेट 8 ओहमचं आहे. मित्र त्याचं 4 ओहमचं वापरायला देतोय. दोन्ही एकदम जोडू का?

नका जोडू. ओहम म्हणजे कॅबिनेट करंटला करतं तो अडथळा. हेडचे दोन्ही जॅक आतून समांतर जोडलेले असतात, त्यामुळे ओहमची बेरीज होत नाही, ते उलट घटतात. आठ आणि चारचे मिळून सुमारे 2.7 होतात. हेडला झेपेल त्याहून जास्त करंट ओढला जाईल. नशीब चांगलं असेल तर ते स्वतःहून बंद पडेल, नाहीतर आतले ट्रान्झिस्टर जळतील. दोन्ही कॅबिनेटं 8 ची असती तर बरोबर 4 झाले असते, खुशाल जोडा म्हटलं असतं. सध्या मित्राचं एकटंच लावा. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) हेडचा नियम आणखी कडक : ओहमचा खटका कॅबिनेटला जुळवायचा आणि स्पीकर न जोडता कधीही वाजवायचं नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जातो.

वायरचंही सांगते, कारण मी स्वतः पोळले आहे. एकदा तालमीला स्पीकरची वायर घरी राहिली. दोन्ही टोकांना तसाच जॅक दिसतोय म्हणून मी गिटारची वायर हेड आणि कॅबिनेटमध्ये लावली. अर्ध्या तासानं आवाज तुटायला लागला. जॅकपाशी हात लावला तर वायर कोमट नव्हे, चांगली गरम होती. प्लास्टिक इतकं मऊ झालं होतं की नख रुतलं. त्या वायरीत मधोमध केसासारखी तांब्याची तार असते आणि भोवती जाळी. तिचं काम गिटारचा नाजूक सिग्नल वाहून नेण्याचं, शेकडो वॅट नेण्याचं नव्हे. तेव्हापासून माझ्या स्पीकर वायरींच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली असते. हेडला आणि कॅबिनेटला स्पीकॉन, म्हणजे खास स्पीकरसाठीचं कनेक्टर, असेल तर तेच वापरा. ते फिरवून अडकतं आणि गिटारची वायर त्यात बसतच नाही, घोळाला जागाच नाही.

प्रश्न : ताई, मी नुकताच बेस शिकतोय. भावाच्या गिटार अॅम्पमध्ये लावला तर अॅम्प बिघडेल का?

हळू आवाजात सराव कर, काही होत नाही. आवाज वाढवलास आणि कोन फडफडायला लागला, कागद फाटल्यासारखं ऐकू आलं, की लगेच खाली आण. तुझा ई गिटारच्या ई पेक्षा एक सप्तक खाली असतो. एवढी मोठी हालचाल करायला तो स्पीकर बनवलेलाच नाही. बँडबरोबर मात्र त्यावर वाजवू नकोस.

प्रश्न : माझा अॅक्टिव्ह (आत बॅटरी असलेला) बेस मधूनच चिरका वाजतो आणि मग आवाज बसतो. पिकअप गेलं असेल का?

पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, क्वचितच जातं. आधी आतली 9 व्होल्टची बॅटरी बदला. बहुतेक अॅक्टिव्ह बेसमध्ये वायर खोचली की प्रीअॅम्प (बेसच्या आतला छोटा अॅम्प) सुरू होतो आणि वायर खोचलेली असेपर्यंत सुरूच राहतो, तुम्ही वाजवा नाहीतर झोपा. वाजवून झालं की बेसमधली वायर काढत जा. मी नवी बॅटरी घातली की त्या दिवसाची तारीख मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी झाकण उघडून ती बघते.